झील धरणारी

शाहिराच्या मागं उभं राहून गातात त्यांना झिलकरी म्हणतात. शाहीर ओळ म्हणतो, आणि ओळीचं शेपूट झिलकऱ्यांनी उचलून वर 'जी जी जी' लावायचं. काम एवढंच. मी वयाच्या अकराव्या वर्षापासून ते करत आले, आता चाळिशी टेकली. इतक्या वर्षांत एकही ओळ मी सुरू केलेली नाही. कुणीतरी सुरू करायची, मग माझं तोंड उघडायचं. शाळेत मात्र उलटं. तिथं मी कविता म्हणते आणि तिसरीची पोरं माझ्यामागं म्हणतात. त्याचा पगार मिळतो म्हणून जमतं, असं मी स्वतःला सांगते.

शाहीर म्हणजे माझे वडील, आबा. कोल्हापूरकडच्या कबनूरच्या एका शेडमध्ये ते बारा-बारा तास यंत्रमागावर उभे असायचे. आमच्या समाजात जयंतीच्या जलशांतून गाणारी माणसं पिढ्यान्पिढ्या होती. आबांचा गळाही तिथलाच, पण त्यांनी तो युनियनच्या कलापथकाला दिला. गाणी मागावरच जुळायची. आठ माग एकदम चालतात तेव्हा शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, पण ठेका आयता मिळतो. आबा त्या ठेक्यावर ओळी घोळवत राहायचे आणि घरी आले की धडाधड म्हणून दाखवायचे. पन्नाशीच्या आत त्यांचे दोन्ही कान बाद झाले. आई त्याच शेडमध्ये कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. तिचेही कान गेले. आमच्या घरात साधं मीठ मागायचं तरी भांडण चालल्यागत आवाज येतो. नवीन भाडेकरू आले की पहिले आठ दिवस दारातून डोकावून जातात.

आबांची एक रीत होती, तशी ती सगळ्याच शाहिरांची असते. ओळीचा पुढचा भाग ते गाव बघून बदलायचे. हुपरीला, चांदीच्या गावाला, कार्यक्रम असला की पैंजणं यायची, जोतिबाच्या वाटेवर असला की गुलाल यायचा. ज्या मालकाच्या गेटावर उभे असतील त्याची गाडी, त्याचं पोट, सगळं ऐनवेळी ओळीत बसवायचे. शेवटचे शब्द मात्र बदलायचे नाहीत. शेवट बदलला तर झिलकरी तोंडघशी पडतात. त्यामुळं आम्हाला पाठ असायची ती फक्त शेपटं. पुढं काय आलं, काय गेलं, याच्याशी आमचा संबंध नसायचा.

हे सगळं सांगायचं कारण माझा धाकटा भाऊ. त्याला गाता येत नव्हतं. आबांनी दोन-तीनदा मागं उभा केला, तर हा झील सोडून पुढची ओळच म्हणायला लागायचा. शेवटी आबांनी नाद सोडला. तो मला अक्का म्हणायचा. बावीस वर्षांचा होता, मागावर हात चांगला बसला होता, आणि दोन मागांमधल्या अरुंद बोळातून अंग न चोरता चालायचा. त्याच्याबद्दल मला एवढंच नीट सांगता येतं. बाकीचं गाण्यात गेलं.

बारा वर्षांपूर्वी मजुरीवाढीसाठी बंद पुकारला होता. सगळे माग थांबलेले. कबनूरात इतकी शांतता मी जन्मात अनुभवली नव्हती, पाखरांचा आवाज यायला लागला होता. मी डी.एड. होऊन नोकरीची वाट बघत होते. आबा, तुणतुणंवाले काका आणि आम्ही दोघं-तिघं झिलकरी सकाळपासून या गेटावरून त्या गेटावर गात फिरत होतो. अकराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला एक जण सायकलवरून आला आणि आबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला. आबांनी डफ माझ्या हातात दिला.

भाऊ एका शेडच्या लोखंडी गेटापाशी पडला होता. गेटावरच्या दिव्याची वायर उघडी होती, गेटात करंट उतरला, मालकानं असं पोलिसांना सांगितलं. पंचनाम्यात तसंच आलं. युनियननंही तसंच मानलं. बंद पाळणारा कामगार गेटावर पहारा देता देता गेला म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी मोर्चाला दुप्पट माणूस आला. मालकाला गेट सोयीचं, युनियनला गेट सोयीचं. तेरी भी चुप, मेरी भी चुप.

पण आम्ही मागावरची माणसं. त्याला घरी आणलं तेव्हा आबांनी त्याच्या भुवईवरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडं बघत बसले. अंगठ्याला कापसाचं तूस लागलं होतं. पांढरं, ताजं. केसांतही होतं, कानाच्या पाळीमागं होतं. अकरा दिवस माग बंद असलेल्या माणसाच्या अंगावर तूस कुठून येणार? पायाचे तळवेही पांढरे पडलेले होते. सूत तुटू नये म्हणून शेडची जमीन ओली ठेवतात आणि त्या ओलीवर आमची माणसं अनवाणी उभी असतात. मागच्या बाजूचे चार माग शटर ओढून चालू होते, हे पुढं महिन्याभरात कळायचं त्यांना कळलं. मोटारीचा शॉक आत लागला आणि त्याला उचलून पुढं आणून ठेवलं होतं. थोडक्यात, शाहिराचा पोरगा बंद फोडून कामाला गेला होता. आमच्याकडं त्याला फितूर म्हणतात.

आईनं ओल्या फडक्यानं ते तूस पुसून काढलं. घरात तिघांना कळलं आणि तिघंही गप्प बसलो.

चौथ्या दिवशी त्याच गेटावर सभा होती. आबा डफ घेऊन उभे राहिले. मला वाटलं, ते बोलतील आणि खाली बसतील. त्यांनी नवं गाणं सुरू केलं. आम्हाला शेपूट सांगून ठेवलं होतं, 'पहिल्या पाळीला'. पुढं काय येणार ते सांगितलं नव्हतं.

'झेंडा घेऊन गेटावरती, पहिल्या पाळीला.'

आणि मी झील धरली. पहिल्या पाळीला, जी जी जी. हजारभर माणूस उभा होता, बायका पदर तोंडात कोंबून रडत होत्या. मी रडले नाही. झील धरताना रडलं तर दम पुरत नाही, आबांनी लहानपणीच शिकवलं होतं. त्या दिवशी रडले नाही ते नाहीच. नंतर रोज गेटं होती, रोज गाणं होतं, कधी दिवसातून चार वेळा. भाऊ गेटावर जायचा, पडायचा, आम्ही जी जी म्हणायचो, चहा यायचा, पुढच्या गेटावर पुन्हा जायचा. पंधरा दिवसांनी मला त्याचं काही वाटेनासं झालं. भाकरी उलटताना हाताला तव्याचा चटका लागत नाही, इतकी सवय होते, तसंच.

बंद मिटला, थोडीफार वाढ मिळाली. गाणं मात्र मिटलं नाही. ते आबांच्या हातून वाढत गेलं. आधी नुसता झेंडा होता. मग भाऊ घोषणा द्यायला लागला. मग मालकाच्या माणसांना हात पसरून अडवायला लागला. एका मे महिन्यातल्या कार्यक्रमात तर त्यानं शेवटी आईला निरोप पाठवला, रडू नको म्हणून. माझा भाऊ आईला निरोप कशाचा पाठवतोय. तो मोबाइलवर मेसेजचंही उत्तर द्यायचा नाही. मी मागं उभी राहून त्या निरोपालाही झील दिली. माझा सगळा राग आबांवर होता. मनात म्हणायची, या माणसानं पोरगा गमावला आणि गाणं कमावलं. तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ओरडून म्हणावं लागलं असतं, आणि गल्लीला ऐकू गेलं असतं.

दुसऱ्या वर्षी कलापथकाला चंद्रपूरकडं कोळसा खाण कामगारांच्या मेळाव्याला बोलावलं. तिथल्या शाहिराच्या डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यागत काळ्या होत्या, धुऊनही न जाणाऱ्या. त्यानं दुपारभर बसून आबांकडून गाणं शिकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीच्या तोंडाशी पाळी बदलायच्या वेळेला तो उभा राहिला आणि म्हणाला, 'दिवा बांधून खाणीतळाशी, पहिल्या पाळीला.' पहिली पाळी तिथंही असतेच. माझी झील बिनचूक आली. आमच्याकडं गेटावर मेलेला माझा भाऊ तिकडं कोळशात मेला. कार्यक्रम संपल्यावर एका खाण कामगाराची बायको माझे हात धरून उभी राहिली. तिचा दीर खाणीत गेला होता. तिनं विचारलं, कसा होता बाई तुझा भाऊ? मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या डोक्यात गाण्याची ओळ आली. दुसरं काहीच आलं नाही. चांगला होता, असं म्हटलं. ती रडली, मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

आई हे गाणं ऐकायला कधी थांबली नाही. घरात तालीम सुरू झाली की ती मागच्या मोरीत जाऊन भांडी घासायची. घासलेलीच पुन्हा घासायची. दरवर्षी भावाच्या स्मृतिदिनाला युनियन तिला शाल द्यायची, 'हुतात्म्याच्या माता' म्हणून. ती खाली मान घालून घ्यायची. बारा शाली पेटीत तशाच पडून आहेत, एकीचीही घडी मोडलेली नाही. मला वाटायचं, दुःखानं.

या वर्षी आबा गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. जलदान विधीला युनियनचे सेक्रेटरी आले होते. जेवणं झाल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, मजुरीचा प्रश्न पुन्हा पेटलाय, पुढच्या महिन्यात कोल्हापूरला जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा हाय. शाहिराची लेक म्हणून गाणं तुम्हीच म्हणायचं. भावाचा मोठा फ्लेक्स करतोय आपण.

मी हो म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका. त्या दिवसांत मला कुणीही काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. आबांच्या जाण्याचंही मला काही जाणवत नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडं माझं सासर, तिथून रोज आईला डबा घेऊन येत होते, शाळेत जात होते, वह्या तपासत होते. लोक म्हणायचे, खंबीर आहे बाई. खंबीर कसली, ठोंबा झाले होते.

गाण्याची वही शोधली. आबांच्या वहीत त्या गाण्याच्या पानावर फक्त शेपटं लिहिलेली होती, एकाखाली एक. पुढची जागा मोकळी. ती ते उभं राहिल्यावर भरायचे. आता ती मला भरायची होती. तुणतुणंवाले काका म्हणाले, "कशाला डोस्कं खातीस पोरी. झेंडा म्हण, गेट म्हण. लोकास्नी पाठ हाय."

आईला सांगायला गेले तेव्हा ती तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्या कानाशी वाकून मोर्चाचं सांगितलं.

"कसं म्हणणार हाईस?" तिनं विचारलं.

"आबा म्हणायचं तसंच की."

"गेटावर हुता म्हणून?"

"व्हय."

तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "गेटावर न्हवता त्यो."

बारा वर्षांत हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा कुणी तरी उच्चारलं. मी म्हटलं, "ठावं हाय मला."

"ठावं हाय. कुणी धाडला ते ठावं हाय?"

मी तिच्याजवळ खाली बसले.

"मी धाडला. तुमी बापलेक डफ घिऊन गावभर. त्यो घरात पडून. डब्यात पीठ न्हाय, मालकाचा माणूस दोनदा दारात येऊन गेलता. मी म्हणलं, मागल्या दारानं जा, कुणाला कळत न्हाय."

तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं ती हे सगळं नेहमीच्या मोठ्या आवाजातच बोलत होती. मी उठून दार लावलं.

"आबांना?"

"सांगितलं की. तिसऱ्या दिशी. मग डफ घेतला आन् गेलं. आलं ते गाणं घिऊनच आलं." ती पुन्हा तांदळात बोटं फिरवायला लागली. "बारा वर्सं लोकं शाल घालत्यात मला. पाया पडत्यात. आता तुझं आबा बी न्हाईत. तू म्हणशील तर आत हुता म्हणून म्हण. आईनं धाडला म्हणून म्हण. न्हायतर म्हणू नगंस."

मी घरी आले, कुकर लावला. पोरीचा गृहपाठ घेतला. भांडी आवरताना डोक्यात आलं, आबांनी गाणं चळवळीसाठी केलंच नव्हतं. झेंडा घेऊन गेटावर उभ्या असलेल्या पोराला कुणी विचारत नाही, तुला आत कुणी धाडला म्हणून. बारा वर्षं ते बायकोला झाकायला तिच्या पुढं उभे राहून गात होते, आणि मी मागं उभी राहून त्यांना शिव्या घालत होते. हे कळल्यावर तरी काही तरी व्हायला पाहिजे होतं. छातीत दुखायला पाहिजे होतं. मी ताट पुसून फळीवर ठेवलं.

मग प्रश्न उरला तो सरळच होता. आबांचं गाणं म्हणावं तर आई आणखी बारा वर्षं शाली घेत बसणार. आईचं म्हणावं तर भाऊ फितूर ठरणार, तेही फ्लेक्सवर त्याचा फोटो लावलेला असताना, हजारो लोकांदेखत. आणि उद्या कांड्या भरणाऱ्या बायका आईच्या दारावरून जाताना काय म्हणतील, ते मला चांगलं माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ती मूठ आईची होती, आणि तिला ती उघडायची होती. मी ठरवलं, आईचं म्हणायचं. ओळ फार शोधावी लागली नाही. वहीतल्या मोकळ्या जागेत मी पेन्सिलीनं लिहिलं:

'आईनं धाडला आत त्याला, पहिल्या पाळीला.'

ठेक्यात बसत होतं. आबांना आवडली असती, असा एक मूर्ख विचार मनात येऊन गेला. रोज मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात ती ओळ पुटपुटायचे. काकांना सांगितलं नाही. सेक्रेटरींना तर नाहीच.

मोर्चाच्या दिवशी किरकोळ रजा टाकली. टेम्पोतून निघालो. आईला शेजारणीपाशी ठेवलं, एवढ्या उन्हात तिला झेपलं नसतं. निघताना तिनं नुसती मान हलवली. दसरा चौकातून मोर्चा निघाला. कोल्हापूरच्या रस्त्यांना मोर्चाचं काही नवं नाही, दुकानदार पायरीवर येऊन बघतात आणि आत जातात. कचेरीसमोर टेम्पोवरच माईक बांधला होता. मागं फ्लेक्सवर भाऊ. फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता, त्यातून बाकीचे लोक कापून टाकले होते आणि हातात झेंडा जोडला होता. झेंडा जरा वाकडाच बसला होता.

भाषणं झाली. माझं नाव पुकारलं. शाहिराची लेक, हुतात्म्याची बहीण. टाळ्या. मी माईकपुढं उभी राहिले. काकांनी तुणतुणं सुरू केलं, डफावर एक नवा पोरगा होता, त्यानं ठेका धरला. समोर माणसंच माणसं, बरीचशी ओळखीची. ठेका एकदा फिरला. ओळ माझ्या तोंडात तयार होती, एकेक अक्षर. ठेका दुसऱ्यांदा फिरला.

मी वाट बघत होते.

हे मला नंतर कळलं. तिथं उभी असताना मला एवढंच वाटत होतं की अजून सुरुवात झालेली नाही. आता होईल. आता आबा डफावर थाप मारतील, ओळ टाकतील, मग मी. अठ्ठावीस वर्षं माझ्या आधी कुणी तरी तोंड उघडलं होतं. पुढं माणूस नाही, मीच पुढं आहे, हे ठाऊक होतं आणि तरी गळा उघडत नव्हता. ठेका तिसऱ्यांदा फिरला. खाली एक बाई डोळ्याला पदर लावून शेजारणीला म्हणाली, बापाच्या आठवणीनं दाटून आलं बघ लेकीला.

काकांनाही तसंच वाटलं असणार. ते पुढं सरकले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या फाटक्या आवाजात उचललं, 'झेंडा घेऊन गेटावरती, पहिल्या पाळीला.'

आणि माझं तोंड आपोआप उघडलं. पहिल्या पाळीला, जी जी जी. स्वच्छ, सुरात, दमदार. शेवटपर्यंत एकही झील चुकली नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींचे डोळे भरून आले होते. कुणी तरी सगळं मोबाइलवर घेतलं आणि आम्ही टेम्पोत बसायच्या आत ते ग्रुपवर फिरायला लागलं होतं. माझ्या फोनवर मुख्याध्यापकांचा नमस्काराचा हात आला.

घरी परतताना मला लाज वाटत होती. बऱ्याच दिवसांनी काही तरी वाटत होतं, ते नेमकं हेच.

उन्हं उतरायच्या आत कबनूरात पोचलो. आई दारातच बसली होती. शेजारीण चहा ठेवून निघून गेली. मी हातपाय धुतले, तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"म्हणलीस?"

मी मान हलवली. होकाराची. आबांनीही तिसऱ्या दिवशी असंच काही तरी केलं असेल, डोकं न लावता, समोर ती बसलीय म्हणून.

"आत हुता म्हणून?"

"व्हय."

"मी धाडला म्हणून?"

"व्हय," मी तिच्या कानात ओरडले.

"लोकं काय म्हणली?"

"काय न्हाय. झील धरली."

हे तिला खरं वाटलं की नाही, मला कळेना. मग तिनं गुडघ्यावर हात टेकून अंग माझ्याकडं वळवलं. जो कान जरा बरा होता तो पुढं केला. "म्हणून दाव."

"आता?"

"म्हण की. माझ्यावरचं हाय न्हवं. मला ऐकू दे."

तिला ऐकू जायचं म्हणजे किती मोठ्यानं म्हणावं लागतं, ते आमच्या गल्लीला माहीत आहे. दार उघडं होतं. समोरच्या ओट्यावर दोघी-तिघी बायका शेंगा फोडत बसल्या होत्या, पाळी सुटून माणसं घरी निघाली होती. ठेका द्यायला कुणी नव्हतं. माझ्या पुढं उभं राहायला तर कुणीच नव्हतं. मी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ओळ सुरू केली.

'आईनं धाडला आत त्याला, पहिल्या पाळीला.'

समोरच्या ओट्यावरच्या बायकांचे हात थांबले. माझा आवाज फाटला होता आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, दम पुरत नव्हता. आईनं कान तसाच पुढं ठेवला. ती ओळ तिनं नीट ऐकून घेतली, तांदूळ निवडावेत तशी.

"धाडला न्हवं," ती म्हणाली. "त्यो जाईत न्हवता. नगं म्हणत हुता. ढकलला म्हण."

मी नाक पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.